डॅशबोर्डातल्या काकू

माझे दीर जन्मालासुद्धा म्हणे चार दिवस उशिरा आले. सासूबाई सांगायच्या, डॉक्टर वाट बघून बघून घरी जेवायला गेले, तेवढ्यात हे आले. म्हणजे उशीर तर उशीर, वर वेळही चुकीची! तेव्हापासून आजपर्यंत, आता चौपन्न वर्षं झाली, भावजींनी कुठलंही काम घाईनं केलेलं कुणी पाहिलं नाही. एकदाच केलं, आणि तेही माझ्यामुळे. तेच सांगायला बसलेय.

आमची एक लांबलचक शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये मी गाड्यांची सीटकव्हरं शिवते आणि उरलेल्या अर्ध्यात भावजी गाड्यांना टेप, रेडिओ, स्पीकर बसवतात. मध्ये प्लायवुडची भिंत आहे, पण ती कमरेपर्यंतच. वरचा भाग पुढच्या वर्षी करू, असं भावजी म्हणाले होते. त्याला अकरा वर्षं झाली. आमचे हे ट्रकांच्या सीटांची कामं धरतात, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणजे दिवसभर शेडमध्ये आम्ही दोघंच. मी बोलते आणि भावजी ऐकतात. ऐकतात असं मी समजते.

गल्लीत त्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि ते ओ देतात. ‘गाडी सावकाशांकडे टाकलीय’ असं कुणी म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कोणत्या साली?’ पण गंमत बघा, जुन्या गाड्यावाले, म्हणजे ज्यांनी गाडीला पोटच्या पोरासारखं जपलंय, ते शोधत शोधत यांच्याकडेच येतात. कारण हा माणूस जुन्या गाडीच्या पत्र्याला करवत लावत नाही. भोकसुद्धा पाडत नाही. आधी पुठ्ठ्यावर माप काढायचं, पुठ्ठा कापून लावून बघायचा, मग पुन्हा दुसरा पुठ्ठा. त्यांच्या भिंतीवर असे शंभरेक पुठ्ठे टांगलेत, प्रत्येकावर गाडीचं नाव. शिंप्याच्या दुकानात कागदी कटिंगं टांगतात ना, तसे.

“मी किती फटाफट कापते बघा,” असं मी एकदा सुनावलं.

“वहिनी, तुमचं रेक्झीन वाया गेलं तर दुकानातून दुसरं आणता येतं,” भावजी म्हणाले, “हा पत्रा बनवणारा कारखाना बंद होऊन चाळीस वर्षं झाली.”

बोलतात कमी, पण बोलले की असं तोंड बंद करतात.

गाडी खोलताना काढलेला प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये जातो. एका खळग्यात एकच स्क्रू आणि खळग्यावर पेन्सिलीनं नंबर. आणि काम झालं की परीक्षा. ती कायम तीन पायऱ्यांची. रेडिओ लावायचा, टेपचं एक बटण पूर्ण डावीकडे फिरवायचं म्हणजे फक्त डावा आवाज येतो, तो ऐकायचा. मग पूर्ण उजवीकडे. मग बटण मध्यावर आणून दोन्ही. डावं, उजवं, दोन्ही. हे करताना डोळे मिटलेले आणि एक हात माझ्या दिशेनं वर.

“वहिनी, जरा शांत.”

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकते. मशीन थांबवायचं, तोंड थांबवायचं. मशीनचं एक वेळ जमतं.

तर एका सकाळी शेडपुढे एक गाडी येऊन थांबली. फिकट पिस्ता रंग, गोल दिवे, आणि इतकी चकचकीत की मी त्यात बघून केस सारखे केले. एक उंच, वाकलेले काका उतरले. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. दुसऱ्या दारातून काकू उतरल्या. ठेंगण्या, गुटगुटीत, गळ्याला पातळ स्कार्फ. गळ्यात दोरीनं अडकवलेली एक पाटी, लहान मुलं लिहून पुसतात तसली प्लास्टिकची.

मी आपली सवयीनं, “या काकू, बसा, उन्हातून आलात, पाणी देऊ?” वगैरे सुरू झाले. काकूंनी मान डोलावली, पाटीवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘पाणी नको. चहा.’

मला हसूच आलं. मग काकांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आजार गेला, पण आवाजही गेला. आता त्या पाटीवर लिहितात.

“आधी बोलायच्या खूप?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझ्या जिभेला ब्रेक नाही.

काकांनी उत्तर द्यायच्या आत काकूंनी लिहिलं, ‘तुमच्याइतकं.’ माझी पहिल्या पाच मिनिटांतच परीक्षा झाली म्हणायची!

काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली. तीस वर्षांपूर्वी याच गाडीतून दोघं लेकीला भेटायला निघाले होते. मागच्या सीटवर नातवाचा छोटा टेपरेकॉर्डर पडला होता आणि त्याचं बटण चुकून दाबलं गेलं होतं. त्यामुळे प्रवासाचा पाऊण तास त्या कॅसेटवर आला. पाऊण तास काकू बोलताहेत. काकांच्या गाडी चालवण्याबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, डब्यात काय आहे त्याबद्दल, मध्येच गुणगुणणं, आणि पुन्हा काकांच्या गाडी चालवण्याबद्दल. काकूंच्या आवाजाची घरात तेवढी एकच खूण. तेव्हा कोण कशाला आवाज जपून ठेवतंय!

“ह्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं लेकीकडे निघणार,” काका म्हणाले. “म्हटलं, गाडीत हिचा आवाज असावा. पहिल्यासारखा.”

काकूंनी घाईघाईनं लिहिलं, ‘ह्यांना हवाय. मला काही नको. ऐकत नाहीत.’

काका आधी दुसऱ्या एकाकडे गेले होते. त्या पठ्ठ्यानं डॅशबोर्डावर मार्करनं दोन मोठे गोल काढले आणि म्हणाला, इथून कापू. काका तिथून गाडी घेऊन जे सुटले ते थेट आमच्याकडे. मार्करचे डाग अजून होते. भावजींनी फडक्यावर थेंबभर काहीतरी घेतलं आणि ते डाग आधी पुसले. काकांना तिथेच पटलं की योग्य ठिकाणी आलो.

अडचण अशी होती. त्या डॅशबोर्डात मधोमध एकच लांबोळकी जाळी होती. जुन्या काळच्या एका रेडिओची, एका स्पीकरपुरती. आणि काकांनी जपून ठेवलेला, रेडिओ आणि कॅसेट दोन्ही वाजवणारा टेप डावा-उजवा असे दोन आवाज काढणारा. दोन आवाज आणि जागा एक. वर जाळीमागे जेमतेम चार बोटं जागा, कारण पुढे वायपरची मोटर.

भावजी तीन दिवस नुसते पुठ्ठे कापत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, “असा एक स्पीकर मिळतो वहिनी, ज्याच्या पोटात तारेच्या वेटोळ्यांच्या दोन कॉइल असतात. पडदा एकच. डावी तार एका कॉइलला, उजवी दुसऱ्या कॉइलला. दोघं मिळून एकच पडदा हलवतात.”

“म्हणजे एका बायकोची दोन सासरं,” मी म्हटलं.

भावजींनी थोडा विचार केला. “हो, पण दोघांनी एकाच दिशेनं ढकलायला हवं.”

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

त्या आठवड्यात काकू दोनदा येऊन गेल्या. काका आणि भावजी डॅशबोर्डाखाली डोकी घालून बसायचे आणि काकू माझ्याकडे. मला काय, ऐकणारं माणूस मिळालं. पण त्या नुसत्या ऐकत नव्हत्या, पाटीवरून अशा कोपरखळ्या मारायच्या की मला पुरून उरायच्या. मी आमच्या ह्यांच्या घोरण्याचं सांगत होते तर त्यांनी लिहिलं, ‘रेकॉर्ड करून ठेवा. पुढे कळेल.’ मी खो खो हसले. त्याही हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत.

मग त्यांनी पाटी पुसली, काका डॅशबोर्डाखालीच आहेत ना ते बघून घेतलं. आणि लिहिलं, ‘एक सांगू? मीच विसरलेय माझा आवाज कसा होता. ऑपरेशननंतर ती कॅसेट लावायचा धीर झाला नाही. आता लावायचीय.’ लगेच पुसून टाकलं आणि खाली लिहिलं, ‘ह्यांना सांगू नका.’

मी ओठांवर बोट ठेवलं. माझ्या पोटात राहिलेली आयुष्यातली ही पहिली गोष्ट असावी. पण त्या दिवसापासून ते काम मला माझ्याच घरचं वाटायला लागलं, आणि भावजींच्या संथपणाचा राग यायला लागला तो वेगळाच.

शनिवार उजाडला. चार वाजता काका-काकू गाडी घ्यायला येणार होते आणि रविवारी पहाटे निघायचं होतं. कॅसेट काकांनी आदल्या दिवशीच देऊन ठेवली होती. मी म्हटलं, लावून बघा ना एकदा. तर भावजी म्हणाले, “छे. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ते. त्यांच्या आधी आपण कसं ऐकायचं?” आणि फळीवर उंच ठेवून मला बजावलं, “स्पीकरजवळ नेऊ नका हं. मागे मोठं चुंबक असतं. कॅसेट पुसली जाते.”

सकाळी मी शेड झाडायला घेतली. पाहुणे येणार आणि यांच्या टेबलावर तारांची जत्रा. फळी पुसायची म्हणून मी कॅसेट उचलली आणि हाताला लागलेल्या एका खोक्यावर ठेवली. पुसून झाल्यावर परत जागेवर ठेवली. दोन मिनिटांचं काम. पुढे आठवण येईल म्हणून सांगून ठेवतेय.

दुपारी दोनला भावजी तारा जोडायला बसले. टेपच्या तारांचे रंग जुने होऊन सगळ्या एकसारख्या मातकट झालेल्या. प्लस कुठली आणि मायनस कुठली, हे मीटर लावून शोधावं लागत होतं. डाव्या जोडीतल्या प्लसला भावजींनी माझ्याकडचा लाल धागा बांधला. उजवी जोडी तपासली आणि दोन बोटांत दोन तारा धरून मला म्हणाले, “वहिनी, ही प्लस, ही मायनस. खूण करून ठेवता? मी स्पीकर लावलेला प्लायचा तुकडा आत बसवून घेतो.”

मी धागा बांधला. दातानं तोडला. झालं.

तीन वाजून गेले. प्लायसकट स्पीकर आत बसला, तारा लागल्या. लाल धाग्यावाल्या दोन्ही तारा प्लसला, बाकीच्या मायनसला. भावजींनी रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. डोळे मिटले, हात वर केला. “वहिनी, जरा शांत.” बटण डावीकडे, बातम्या स्वच्छ. बटण उजवीकडे, बातम्या स्वच्छ.

“आता दोन्ही...” त्यांनी सुरुवात केली आणि माझा पारा चढला.

“भावजी, पुरे! डावं वाजलं, उजवं वाजलं, म्हणजे दोन्ही वाजणारच ना? हा पाय चालतो, तो पाय चालतो, मग माणूस चालेल की नाही, याची पण परीक्षा घेणार? साडेतीन झाले. जाळी लावायचीय, गाडी पुसायचीय. ती माणसं दारात येऊन उभी राहतील आणि तुम्ही आपले डोळे मिटून बसाल! दहा दिवस झाले आज!”

एरवी मी असं बोलले की ते हसतात आणि आपलंच करतात. त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “बरं.” रेडिओ बंद केला, बटण नुसतं मध्यावर आणून ठेवलं आणि जाळी लावली. चौपन्न वर्षांत पहिल्यांदा! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

चारला पाच कमी असताना काका-काकू आले. डॅशबोर्ड जसाच्या तसा होता. कुणाला सांगूनही पटलं नसतं की आत काही नवीन बसवलंय. काका जाळीवरून हात फिरवत राहिले. काकू नवी साडी नेसून आल्या होत्या, आणि त्या शेजारच्या सीटवर नेहमीच्या जागी बसल्या. पाटी मांडीवर. मी खिडकीशी, भावजी काकांच्या बाजूला.

काकांनी कॅसेट सरकवली. खट्ट झालं. बटण मध्यावर होतं.

खर्रर्र... खर्रर्र... बारीक खरखर, आणि दुसरं काही नाही.

“सुरुवातीला थोडी रिकामी असेल,” काका म्हणाले. आम्ही थांबलो. खरखर चालूच. काकांनी आवाज वाढवला. खरखर वाढली. कॅसेट पुढे नेली, पुन्हा लावली. खरखर.

काका हळूच म्हणाले, “पुसली गेली.”

फळी पुसताना मी ती कॅसेट कशावर ठेवली होती? खोक्यावर. कसल्या खोक्यावर? स्पीकरच्या! त्यात तेव्हा स्पीकर होता की रिकामं होतं, देवाशपथ आठवेना. काकूंकडे बघवेना मला. त्यांचा हात स्कार्फवर गेला होता, गळ्याशी. पाटी मांडीवर तशीच, कोरी. मग त्यांनी दुसऱ्या हातानं काकांच्या हातावर थोपटलं. म्हणजे धीर त्याच काकांना देत होत्या! ‘मीच विसरलेय माझा आवाज कसा होता’ म्हणाली होती ही बाई, आणि मी, दिवसभर टकळी चालवणारी मी, तिचा उरलासुरला आवाज एका फडक्याच्या फटकाऱ्यात पुसून टाकला होता.

“काकू...” मी तोंड उघडलं.

“वहिनी,” भावजी म्हणाले, “जरा शांत.”

हात वर नव्हता. डोळे मात्र मिटलेले. ते ती खरखर ऐकत होते. मग काकांच्या पुढून हात घालून त्यांनी ते बटण पूर्ण डावीकडे फिरवलं.

“...अहो, त्या सायकलवाल्याला बघितलंत का, की मी एकटीनंच बघायचं?”

अख्खी गाडी दणाणली. भरदार, खणखणीत, थोडासा नाकातला आवाज. काका सीटवर उडाले. भावजींनी बटण उजवीकडे फिरवलं. “...आणि गिअर बदला, किती रडवताय बिचारीला!” मध्यावर आणलं. खरखर. पुन्हा डावीकडे, काकू. उजवीकडे, काकू. मध्यावर कुणी नाही.

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “आहे! आहे की! अहो मिस्त्री, असू द्या, डावीकडेच राहू द्या, काही बिघडत नाही!”

“छे!” भावजी म्हणाले. मी त्यांना इतक्या जोरात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “काकूंना अर्धंच ऐकायचं? पाच मिनिटं द्या मला.”

जाळी निघाली. चार स्क्रू, चार खळगे. भावजी सीटवर उताणे झाले, डोकं डॅशबोर्डाखाली आणि पाय दाराबाहेर. मी बॅटरी धरली. उजेड तारांवर पडला आणि मला माझा धागा दिसला.

आता हे नीट ऐका. आमच्या सीटकव्हराच्या कामात खूण ही कायम उलट्या बाजूला करायची असते. सुलट बाजूला धागा नाही, खडू नाही, काही नाही, कारण ती गिऱ्हाइकाला दिसते. सव्वीस वर्षं माझा हात तसाच चालतोय. भावजींनी दोन तारा पुढे धरल्या, खूण करा म्हणाले, आणि माझ्या हातानं, मला न विचारता, मायनसला, म्हणजे उलट्या बाजूला, धागा बांधला. त्यांनी बिचाऱ्यांनी लाल धागा बघून ती प्लसला लावली. म्हणजे एकाच दाराला एक जण बाहेरून ढकलतोय आणि दुसरा तेवढ्याच जोरानं आतून. दार हलणार कसं? रेकॉर्डर साधा असल्यामुळे कॅसेटवर डावा-उजवा आवाज एकसारखाच होता. एकानं पडदा पुढे ढकलला की दुसरा मागे ओढत होता. काकूंचा आवाज काकूंच्याच आवाजानं दाबला जात होता. आणि ‘दोन्ही’ची परीक्षा झाली असती तर हे दुपारीच कळलं असतं. ती कुणी होऊ दिली नाही? मी!

भावजींना धागा बघताच सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन तारा काढल्या, अदलाबदल करून लावल्या, बाहेर आले आणि कपाळ पुसत काकांना म्हणाले, “एक तार उलटी लागली होती. माझी चूक.”

माझा स्वभाव असा की चूक झाली तरी मी आधी दुसऱ्याचं नाव घेते. आमच्या ह्यांना विचारा. पण ते ‘माझी चूक’ ऐकलं आणि मला राहवेना.

“काही त्यांची चूक नाही!” मी जवळजवळ ओरडलेच. “धागा मी बांधला. चुकीच्या तारेला. आणि परीक्षा पण मीच करू दिली नाही. आणि तुमची कॅसेट मी स्पीकरच्या खोक्यावर ठेवली होती सकाळी, ती पण मीच!”

“खोकं रिकामं होतं, वहिनी,” भावजी म्हणाले. “स्पीकर कालच प्लायच्या तुकड्यावर लावला होता.”

“मग हे आधी सांगायला काय झालं होतं!” मी त्यांच्यावरच खेकसले. माझा जीव भांड्यात पडला की मी खेकसते.

काकूंनी पाटी उचलली. ‘आवाज कमी करा. माझा ऐकू द्या.’

भावजींनी बटण मध्यावर आणलं.

काकू बोलायला लागल्या. इतका वेळ आला तो आवाज काहीच नव्हता. हा अख्ख्या डॅशबोर्डातून येत होता, जवळून, जणू मधल्या सीटवर आणखी एक बाई बसलीय. शेजारणीनं नेलेली चाळणी परत केली नाही. लेकीला पत्रात काय लिहिलं ते सांगितलं. मध्येच काहीतरी गुणगुणलं, सूर चुकला, स्वतःशीच हसली. ते हसणं मात्र ऐकण्यासारखं होतं, खळखळून, अगदी पोटातून. आणि शेजारी खऱ्या काकूंचे खांदे हलत होते. त्याच हसण्यावर, तशाच, फक्त आवाज न करता. त्यांचे ओठ बोलण्याबरोबर हलत होते. आठवत होतं त्यांना. सगळं आठवत होतं.

आणि कॅसेटवरचे काका? एवढ्या वेळात त्यांचा एकच शब्द. काकू विचारायच्या, “अहो, ऐकताय ना?” आणि उत्तर यायचं, “हं.” पुढे पुन्हा, “ऐकताय ना?” “हं.” कुठल्याही घरात असतं तसलं हं.

तिसऱ्यांदा काकूंनी विचारलं, “अहो, ऐकताय का मी काय म्हणतेय ते?”

कॅसेटवर “हं” झालं. आणि त्याच्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, आमच्यासमोर बसलेले काका म्हणाले, “ऐकतोय गं. सगळं ऐकतोय. बोल तू.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती काकांच्या नाकासमोर धरली.

‘आत्ता होय!’

काका हसता हसता रडले की रडता रडता हसले, मला सांगता येणार नाही. मी स्वतःच पदरात तोंड घातलं होतं.

मग गाडी निघाली. खिडक्या उघड्या. गल्लीच्या टोकापर्यंत काकूंचा आवाज ऐकू येत होता. “सावकाश घ्या, सावकाश, वळण आहे!” आणि तिथे खरंच वळण होतं. काकांनी सिग्नल दिला, सावकाश घेतलं आणि दिसेनासे झाले.

मी माझ्या बाजूला येऊन बसले. मशीनवर अर्धवट शिवलेलं कव्हर होतं. पाय पायडलवर ठेवला, पण दाबला नाही. पलीकडे भावजी अंड्यांचा ट्रे झटकत होते, पेन्सिलीचे नंबर खोडून पुढच्या गाडीसाठी नवे टाकत होते. माझ्या डोक्यात काकूंचा तो स्कार्फवर गेलेला हात होता. पाच मिनिटं गेली असतील, कदाचित दहा. आमच्या शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

भावजींचा हात थांबला. त्यांनी अर्ध्या भिंतीवरून वाकून बघितलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “बोला की काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. मी ऐकतोय.”